हिराकस आणि कोरा चहा

मागच्या महिन्यात परळच्या आमच्या केमिस्टशी माझं भांडण झालं. भांडण म्हणजे एकटीनेच केलं, तो बिचारा हसत होता. मी एवढंच विचारलं, की बाबा रे, या एकाच गोळीत लोखंड आहे आणि कॅल्शियमही आहे, तर ही दोघं पोटात गेल्यावर एकमेकांशी वागतात कशी? तो म्हणाला, "मॅडम, मल्टी आहे ना, सगळं आहे त्यात." मी म्हटलं, सगळं आहे ते दिसतंय रे, पण सगळं पोचतं का? मागे रांगेतला माणूस मुद्दाम खाकरला. मी गोळ्या न घेताच घरी आले आणि चहा टाकला.

ही खोड मला जुनीच आहे. गोळी गिळली म्हणजे ती अंगाला लागली असं नाही, हे मी तेराव्या वर्षी शिकले, लालबागला आमच्या चाळीत, मिलचा संप चालू असताना. तेही डॉक्टरकडून नाही. माझे बाबा मिलच्या रंगखात्यात होते, त्यांच्याकडून.

आम्ही तिघंच. आई, बाबा आणि मी. बाबांनी सोळा वर्षं रंगखात्यात काढली होती. त्यांच्या नखांच्या कडा सुट्टीच्या दिवशीसुद्धा निळ्या असायच्या. त्या वर्षी ते जॉबर होणार होते. जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम, दहा-बारा माणसं हाताखाली, कोण कुठल्या शिफ्टला लागणार ते ठरवणारा. आईला या सगळ्याचं फारसं काही नव्हतं. तिला आवडायचं ते एवढंच, की जॉबर झालेल्या माणसाला कोणी नावाने हाक मारत नाही, चाळीतसुद्धा "ओ जॉबर" असंच म्हणतात. "आता तुमका नावान कोण हाक मारूचा नाय," असं ती बाबांना चिडवायची. मग संप झाला. सगळे म्हणाले दोन महिन्यांत मिटेल. गणपती गेले, दिवाळी गेली, मिटायचं नाव नाही. रंगखात्याचा दरवाजा बंदच, आणि बाबा घरात.

त्याच सुमारास आईच्या अंगावरून जायला लागलं. बायका असं कुणाला सांगत नाहीत, तिनेही सांगितलं नाही. नळावरून पाण्याची कळशी आणताना ती जिन्यात बसली आणि तिला उठता येईना, तेव्हा शेजारच्या काकीने जबरदस्तीने म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की गर्भाशयात गाठ आहे, वाईटातली नाही, पण काढावी लागेल. आणि काढायची तर आधी रक्त वाढायला हवं. "बाई, तुमचं रक्त आहे सहा. दहा झाल्याशिवाय मोठ्या हॉस्पिटलात तुम्हाला कोणी टेबलावर घेणार नाही. ऑपरेशन नाही तर रक्त जातच राहणार."

म्हणजे गंमत बघा. रक्त जातंय म्हणून ऑपरेशन, आणि रक्त नाही म्हणून ऑपरेशन नाही. दुसऱ्याचं रक्त चढवायची सोय होती, पण त्याच्या बदल्यात घरच्या माणसाने द्यावं लागे. बाबा तडक गेले बाही वर करून. तासाभराने परत आले. त्यांचं वजन आणि रक्त तपासून त्यांना घरी पाठवलं होतं. "तुमकाच आधी खावक घाला म्हणालेत," एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्यानंतरच्या कितीतरी महिन्यांतले बाबा मला आठवतात ते पाठमोरेच.

राहिल्या गोळ्या. तीन प्रकारच्या, तिन्ही दवाखान्यातून फुकट. लोखंडाची तपकिरी, दिवसाला तीन. कॅल्शियमची पांढरी, दोन, कारण आईच्या पायांत गोळे यायचे. आणि ताकदीची म्हणून एक पिवळी, जिने लघवी हळदीसारखी होते. कागदाच्या पुड्यांतून आल्या की मी त्या ताटलीत ओतून बघत बसायची. लोखंड गोळीत कसं घालतात? खिळा किसून? मी एक गोळी जिभेवर ठेवली, साखरेचा थर विरघळेपर्यंत चघळली, आणि आतली चव लागल्यावर गॅलरीचा गज चाटून पाहिला. हुबेहूब तीच चव. काकीने मला गज चाटताना पाहिलं आणि आईला सांगितलं, "तुझ्या पोरीकडे बघ गो जरा. भुकेने गज चाटते." आईला ते फार लागलं. तिने मला एक धपाटा घातला आणि मग स्वतःच डोळे पुसत बसली.

पण त्या गोळीने आईचे हाल केले हो. रिकाम्या पोटी घेतली की मळमळ. "माका नको ती. तोंडात खिळो धरल्यासारख्या वाटता." आठवड्यात शौचाला काळं व्हायला लागलं, डांबरासारखं. डॉक्टरीणबाईंनी तसं होईल म्हणून सांगितलं होतं का, देव जाणे. सांगितलं असलं तरी आईने लाजेने ऐकलं नसणार. काकीने निदान केलं, की आत सगळं जळतंय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोट साफ होईना. आता ज्याच्या घरात संडास आहे त्याला यातलं दुःख कळायचं नाही. आमच्या मजल्यावर वीस खोल्यांत तीन संडास, गॅलरीच्या टोकाला, आणि सकाळी बाहेर टमरेलं घेऊन रांग. आत कोण आहे, कधीपासून आहे, हे सगळ्यांना पाठ. "कोण बसलाय रे आत? झोपलाय काय?" असं कोणीतरी दार वाजवायचं, आणि मी रांगेतून ओरडायची, "आमची आई आहे!" मला वाटायचं मी तिची बाजू घेतेय. बाहेर आल्यावर ती मान खाली घालून, कुणाकडे न बघता खोलीपर्यंत चालत जायची.

म्हणून तिने स्वतःची युक्ती काढली. सुपारी कातरायच्या अडकित्त्याने ती गोळीचे दोन तुकडे करायची, अर्धी घ्यायची, आणि मळमळू नये म्हणून वर चहा. कोरा चहा, गुळाचा, कारण दूध कधीच बंद झालं होतं. मिल चालू असताना आमच्या घरातलं सगळं भोंग्यावर चाले. भोंगा झाला की डबा, भोंगा झाला की शाळा. भोंगा बंद पडल्यावर वेळ सांगायला राहिला तो चहा. सकाळी चहा, दहाला चहा, जेवण कमी पडलं की वर चहा, दुपारी चहा, दिवेलागणीला चहा. गोळी विसरायची नाही म्हणून आईने ती चहाला बांधून टाकली. आणि एकदा चहा घेतेच आहे तर पांढरी, पिवळी, तपकिरी सगळ्या एकदमच घशाखाली. एका घोटात सुटका.

दोन महिन्यांनी परत रक्त तपासलं. सहाच्याही जरा खालीच.

डॉक्टरीणबाई भडकल्या. "घेता की फेकून देता?" आई म्हणाली, देवाची शपथ घेते. "मग शपथच घेत असाल, गोळ्या नाही," बाई म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, हे असंच राहिलं तर एक दिवस तुम्हाला इथे उचलून आणावं लागेल. आणि तेव्हा मला फार काही करता येणार नाही." मी आईचा पदर धरून तिथेच उभी होते. घरी आल्यावर आईने तांदूळ निवडायला घेतले आणि बाबांच्या पाठीकडे बघत अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "माजा काय बरा-वायट झाला तर चेडवाक गावाक धाडा. हय तुमका एकट्याक जमूचा नाय." चेडू म्हणजे पोर, म्हणजे मी. मी खूप घाबरले. मला आईही हवी होती आणि लालबागही, आणि दोन्ही माझ्या हातातलं नव्हतं.

हे झालं त्याच आठवड्यात अडकित्ता सटकला. दुपारची वेळ, आई गोळी कातरत होती, तुकडा उडाला तो थेट तिच्या चहाच्या ग्लासात. ती "आता गे बाय" म्हणत चमच्याने काढायला गेली, पण मी म्हटलं थांब. कारण चहाचा रंग बदलत होता. तुकड्याच्या भोवती आधी करडं झालं, मग त्यातून काळ्या रेघा खाली उतरल्या. मी चमच्याने ढवळलं, आणि अख्खा ग्लास निळाकाळा झाला, शाईच्या दौतीइतका काळा. मी काडेपेटीतली काडी बुडवली आणि वर्तमानपत्राच्या कडेला माझं नाव लिहिलं. स्पष्ट उमटलं! आई ओरडली, "मेले, चाय फुकट घालवलंस!" मी म्हटलं, आई, अगं शाई झाली बघ, चहाची शाई!

तेव्हा भिंतीकडचे बाबा उठून बसले.

त्यांनी ग्लास हातात घेतला आणि गॅलरीत उजेडाला नेऊन तिरका केला. वास घेतला. खुंटीवरच्या जुन्या बनियनचा एक तुकडा फाडला, त्यात बुडवला, पिळला, आणि खाली नळावर जाऊन साबणाने खसाखसा धुतला. मी मागे मागे. साबणाचा फेस पांढराच येत होता आणि कापड होतं तसंच राखाडी-काळं. "सुटत नाय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं जे मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. "अगो, ह्यो पक्को काळो. ह्या तर हिराकस!"

मला काही कळेना, म्हणून त्यांनी तिथेच नळाशी उभं राहून सांगितलं. मिलमध्ये तयार रंगांचे डबे यायचे, पण बाबांना काम शिकवणारा म्हातारा जुना रंगारी होता. तो सांगायचा, की पूर्वी काळा रंग करायचा तर कापड आधी हिरड्याच्या काढ्यात बुडवायचे, मग हिराकसाच्या पाण्यात. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार. हिरड्याचा तुरटपणा आणि हिराकसातलं लोखंड यांनी एकमेकांना धरलं, की त्यांचा काळा रंग होतो आणि मग तो कितीही धुवा, सोडत नाही. "आणि चाय काय हिरड्यापेक्षा कमी तुरट आसा? जीभ आखडता नाय काय कोऱ्या चायन?" ते खोलीकडे वळले. "तुझे आवशीन दोन महिने रक्त नाय केल्यान. पोटात काळो रंग केल्यान!"

तसेच पायात चप्पल न घालता ते दवाखान्यात निघाले, हातात ओला चिंधा, मागे मी. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर चिंधा ठेवून त्यांनी विचारलं, "बाय, ही गोळी म्हणजे हिराकस काय?" बाई आधी चिंध्याकडे बघून दचकल्या. मग बाबांचं सगळं ऐकून घेतलं. "शुद्ध केलेलं, पण हो, हिराकसच. आणि हो, चहाबरोबर घेतली तर पुष्कळशी वाया जाते. मी सांगायला हवं होतं." बाबांची छाती फुगलेली मी पाहिली. पण बाई पुढे म्हणाल्या, "ती चहात पडली कशी?" मग मला अडकित्त्याचं सांगावं लागलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे घेत होती अर्धी, त्यातली निम्मी चहात, उरलेली कॅल्शियमशी भांडण्यात! रक्त वाढणार कुठून?" काळं होतं ते गोळीचंच, घाबरायचं काही नाही, मळमळ होते तर थोडं खाऊन घ्या, तीन झेपत नसतील तर दोन घ्या, पण पूर्ण घ्या, हे सगळं त्यांनी बाबांना समजावलं. बाबा मान हलवत ऐकत होते, जसं खात्यात साहेबाचं ऐकत असतील.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या खोलीत मिल सुरू झाली. बाबांनी कॅलेंडरच्या पाठीवर कोळशाने शिफ्टा मांडल्या. फर्स्ट शिफ्टला लोखंड, अर्ध्या भाकरीवर, लिंबाच्या पाण्याबरोबर. लिंबू का, तर मिलच्या कपड्यांवरचा गंजाचा डाग लिंबाने सुटतो. आंबट असलं की लोखंड विरघळलेलं राहतं, कुणाला धरून बसत नाही. सेकंड शिफ्टला, दुपारी, कॅल्शियम आणि पिवळी. "कॅल्शियम म्हणजे चुनो. चुनो नि हिराकस एका टबात टाकलंस तर सगळो गाळ खाली. दोघांची गेटावर गाठ पडता नये." थर्ड शिफ्टला पुन्हा लोखंड. आणि चहा? लोखंडाच्या आधी एक तास नाही, नंतर दोन तास नाही. चुलीशी बाबा स्वतः बसायचे, पहारा करत.

आईने थयथयाट केला. "एक चाय होती माजी, ती पण काढून घेतलात!" तिचं डोकं दुखायचं, ती चिडायची, काकीकडे जाऊन चोरून पिऊन यायची आणि बाबा तोंडाच्या वासावरून पकडायचे. संडासाचाही बाबांनी अभ्यास केला. चारच्या सुमाराला रांग नसते, हे त्यांनी आठवडाभर गॅलरीत उभं राहून शोधून काढलं. आधी दोन तांबे कोमट पाणी, इसबगोल, आणि चारला आई निवांत. दार वाजवायला कोणी नाही. मला वाटतं, गोळ्या चालू राहिल्या त्या लिंबापेक्षा या चारच्या वेळेने.

मी मात्र माझा उद्योग सोडला नव्हता. अडकित्त्याला चिकटलेला गोळीचा चुरा मी एका डबीत जपून ठेवला होता. केळीची साल, डाळिंबाची साल, सुपारीचं पाणी, जे मिळेल त्यात चिमूटभर टाकून बघायची. सुपारी काळी झाली. डाळिंबाची साल तर चहाहून काळी. शेजाऱ्यांकडच्या दुधाच्या चहात नुसतं मळकट झालं, असं का, ते बाबांनाही सांगता येईना. लिंबात काहीच झालं नाही, आणि तेच मला सगळ्यात आवडलं.

महिन्याने रक्त पावणेआठ. आईने आकडा ऐकला आणि काकीला सांगितला तेव्हा काकी म्हणाली, सोन्याचा भाव आहे काय? पुढच्या महिन्यात नऊ. मग जरा अडलं, कारण मध्ये पुन्हा चार दिवस खूप गेलं. पण बाबा भिंतीकडे वळले नाहीत, चुलीशीच बसून राहिले. नंतरच्या वेळी दहा आणि वर थोडं. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी बाबांनी घरी येईपर्यंत खिशातून तीनदा काढून वाचली.

आई ऑपरेशनच्या टेबलावर गेली तेव्हा संप मिटला असं कोणी म्हटलं नव्हतं, पण काही माणसं गुपचूप कामावर परतली होती. बाबाही एकदा गेटवर जाऊन आले. यादीत त्यांचं नाव नव्हतं. रंगखातं बंदच करणार आहेत, असं कोणीतरी त्यांना सांगितलं. जॉबर तर सोडाच. हे त्यांनी आईला सांगायचं नाही म्हणून मला बजावलं होतं, आणि अर्थातच आईला ते माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी तिला चहा द्यायला हरकत नाही असं नर्सने सांगितलं. बाबा धावत घरी आले, इतक्या महिन्यांनी उसनं दूध आणलं, आलं ठेचलं, थर्मास भरला, आणि आम्ही दोघं वॉर्डात पोचलो. आईचा चेहरा उतरलेला होता पण ओठ गुलाबी होते. तिने थर्मास पाहिला आणि हात पुढे केला. बाबांनी झाकण फिरवलं, वास बाहेर आला, आणि मग ते थांबले.

"गोळी कधी घेतलंस?"

"आताच दिल्यान नर्सन. कित्याक?"

बाबांनी वॉर्डातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि झाकण परत घट्ट बसवलं. "दोन तास थांबूचा लागात."

शेजारच्या खाटेवरची बाई हसायला लागली. मला वाटलं आता आई रडेल नाहीतर शिव्या देईल. तिने उशीवर मान टेकवली, आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "बरा, जॉबर. तुमी म्हणशात तसा."

थर्मास मांडीवर घेऊन बाबा दोन तास खाटेजवळच्या स्टुलावर बसून राहिले, आणि मधूनमधून बाहीला डोळे पुसत घड्याळ बघत राहिले. त्या दिवसानंतर मरेपर्यंत आईने त्यांना दुसरी हाक मारली नाही.